फलकावर माझं नाव

हसणार असाल तर आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. मी एकदा स्वतःला मारलं होतं. विष नाही, विहीर नाही. खडूनं.

आमचं गाव शिरड शहापूरहून आत, फाट्यापासून चालत जायचं. पाराशेजारी ग्रामपंचायतीचा काळा फलक आहे. गावात कोणी गेलं की त्याचं नाव त्यावर लिहायचं आणि खाली मातीची वेळ. शेताकडं निघालेला माणूस लांबूनच बघतो. नाव दिसलं की बैल परत फिरवतो, गिरणी बंद होते, हॉटेल बंद होतं. नाव असलं की दुसरा मजकूर कोणी वाचत नाही.

एरवी तो फलक रिकामा. आता रिटायर झालेल्या मास्तरला रिकामा फलक बघवतो का, तुम्हीच सांगा. जन्मभर इंग्रजी शिकवलेलं, ते कुठं जाणार? मी रोज सकाळी त्यावर एक अनोळखी इंग्रजी शब्द लिहायला लागलो. अर्थ लिहायचा आणि तो कुठून आला तेही.

'सारकोफॅगस, म्हणजे दगडी शवपेटी, मूळ ग्रीक अर्थ मांस खाणारी' असं लिहिलं, तर दोन बायांनी पारावरून जायचंच सोडलं. 'डिफेनेस्ट्रेशन, म्हणजे माणसाला खिडकीतून बाहेर फेकणं, खिडकीच्या लॅटिन शब्दावरून' हे वाचून माझा दोस्त कोंडिबा म्हणाला, "आपल्याकडं खिडक्यांना गज असतेत, गुरुजी. आपल्या कामाचा न्हाई हा शब्द."

इथंच थांबलो असतो तर बरं होतं. पण याच कोंडिबानं एक दिवस सांगितलं, "लोकं म्हणून राहिलेत, नवीन ग्रामसेवक लई हुशार. रोज शब्द लिहितो."

झालं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी आखाडा बाळापूरचे पाहुणे आमच्या मीराला बघायला येणार होते, चार वाजता. दोन स्थळं आधीच फिसकटलेली. हेही गेलं असतं तर बायकोनं मला घरात घेतलं नसतं. मी ठरवलं, पाहुण्यांनाही कळू दे मुलीचा बाप कोण आहे. चहापाणी झालं की त्यांना पारावर नेऊ आणि गावासमोर एक शब्द उलगडून दाखवू. सकाळीच फलकावर लिहिलं, 'रेव्हनंट. मेल्यावर परत येणारा माणूस. फ्रेंचमधल्या परत येणे या क्रियापदावरून.' त्याखाली, लांबून दिसेल असं मोठं माझं नाव, 'दत्तराव गुरुजी'. आणि शेवटी, 'सायंकाळी ५ वाजता'.

तुमच्या आलं ना लक्षात? माझ्या नाही आलं.

हात झटकले आणि पेढे आणायला वसमतला गेलो. फोन घरी चार्जिंगला. परतीची एक बस चुकली. दुसरीत कंडक्टर माझ्या शेजारून दोनदा गेला, पण माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. फाट्यावर उतरलो तेव्हा साडेचार झाले होते.

शिवारात शिरलो आणि काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. हळद शिजवायचे दिवस, शेताशेतात कढया चालू असायच्या, पण कुठं धूर नाही. गिरणीचा आवाज नाही. ओढ्यावर ओलं धुणं तसंच पडलेलं आणि बाई एक नाही. भर उन्हात अंगावर काटा आला.

वळणावर कोंडिबा दिसला, बैलगाडीत लाकडं घेऊन चाललेला. मी हाक मारली. त्यानं वळून आधी माझ्या पायांकडं बघितलं. पावलं सरळ आहेत का उलटी, ते बघत होता हे मला नंतर कळलं.

"गुरुजी," तो डोळे मिटून म्हणाला, "काय राहिलं तुमचं?"

"चहा राहिला," मी म्हणालो. "स्टँडवर टाइमच न्हाई मिळाला."

"पारावर ठेवतो. पण लेकराबाळांच्या मागं लागू नका."

"अरे, पण ही लाकडं काहून?"

"तुमच्यासाठीच की," म्हणाला आणि गाडी अशी पळवली की निम्मी लाकडं रस्त्यावर पडली.

मला वाटलं, शब्दाचाच परिणाम आहे हा. आयुष्यात पहिल्यांदा माझं शिकवलेलं कोणाच्या तरी डोक्यात शिरलं. मी खुशीत पुढं निघालो.

गल्लीत आलो तर बायांनी धडाधड दारं लावली. आमच्या घरासमोर तिरडी बांधून तयार, शेजारी नवं मडकं. आतून बायकोचं रडणं ऐकू येत होतं. मीराला तर काही झालं नाही ना? तेवढ्यात बायकोचा आवाज आला, "वसमतला जातो म्हणाले आन् गेलेच."

वसमतला तर मी गेलो होतो.

मला कंडक्टर आठवला. त्याला मी दिसलोच नव्हतो का? मी चिमटा काढून बघितला. दुखलं. पण मेलेल्याला दुखत नाही, असं कोणी परत येऊन सांगितलंय? मीही गुपचूप आपल्या पावलांकडं बघून घेतलं.

बायको दारात आली आणि थिजली. मग धावत येऊन तिनं माझं मनगट धरलं.

"कुठं होता तुमी? फलकावर नाव आलं, फोन घरात. मला वाटलं, तिकडंच गाडीखाली... वसमतहून आणतेत म्हणून वाट बघून राहिले मी."

खरं सांगतो, त्या वेळी मला माझ्या खडूची फार लाज वाटली.

पाहुणे ओसरीवर बसले होते. पाराजवळ नाव वाचलं, आता मातीला न थांबता कसं जायचं म्हणून थांबलेले. तासभर मीराच्या मामांच्या आणि गावकऱ्यांच्या तोंडून माझे गुण ऐकत होते. शांत माणूस, देवमाणूस, कमी बोलणारा. ते ऐकून मुलाच्या वडिलांनी मामांना शब्दही दिला होता, "असल्या माणसाची पोरगी आमी सोडत न्हाई."

आता मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण सवय. "त्याचं असं आहे पाहुणे, रेव्हनंट हा शब्द..." म्हणून जो सुरू झालो, तो फ्रेंचमधून लॅटिनमध्ये गेलो आणि पाऊण तासानं परत आलो.

मुलाच्या वडिलांनी मामाकडं बघितलं. "कमी बोलतेत म्हणाले होते ना तुमी?"

"ते वारल्यावर म्हणालो होतो," मामा म्हणाले.

मीरा चहा घेऊन आली. डोळे रडून सुजलेले. "बाबा, आता पुरे," एवढंच म्हणाली.

मुलाच्या वडिलांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पोरगी पसंत हाय. अट एकच. लग्नात गुरुजींनी बोलायचं न्हाई."

पाळली मी अट. मांडवात दिवसभर हात जोडून बसलो, तोंडातून शब्द काढला नाही. मीरा सासरी निघाली तेव्हासुद्धा नाही. कोंडिबा शेजारी बसून माझ्याकडं सारखा बघत होता. शेवटी कानाशी येऊन म्हणाला, "गुरुजी, आज तुमी बराबर मेल्यावानी दिसून राहिलात."