रेडिओ बंद करा, मग बोला

भगवंतरावांपाशी आता एकच शब्द उरला आहे, 'चला'. तहान लागली तरी चला, पाय ठणकला तरी चला, सोयरे भेटायला आले तरी चला. नवखा पाहुणा असला तर बिचारा पिशवी उचलून उठायलाच लागतो, आणि गोजराबाईंना त्याला पुन्हा बसवावं लागतं. "बसा जी. ते तसंच म्हनतात." लकव्यानं त्यांचं उजवं अंग नेलं आणि जिभेवरचं सगळं सामानही नेलं. तेवढा एक शब्द का सोडला कुणास ठाऊक. डॉक्टर आधी म्हणायचे, येईल वाचा हळूहळू. पुढे तेही म्हणेनासे झाले.

तसे आधीही ते बोलके नव्हते. रिठदच्या शिवारात त्यांचा भाजीचा मळा. वांगी, मेथी, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे कोथिंबीर म्हणणारा माणूस बाहेरगावचा समजावा. मळ्यात नवरा-बायको दिवसभर वाकून काम करायची आणि वांग्याच्या झाडांना ऐकू काय यायचं, तर भगवंतरावांचं 'अवं' आणि गोजराबाईंचं 'अवो'. नाव घेण्याची रीत नव्हती. गोजराबाईंनी निदान लग्नात उखाण्यात नाव घेतलं होतं. भगवंतरावांची पाळी आली तेव्हा पोरींनी दार अडवलं, मित्रांनी ढोसलं, आणि हा पठ्ठ्या घाम पुसत "चला" म्हणून पाटावरून उठून गेला. त्यावर मांडवात जे हसू झालं ते गोजराबाईंना अजून ऐकू येतं. त्यांना राग आला नव्हता. पण आपलं नाव त्या तोंडातून कसं निघेल, हे ऐकायची हौस तिथून जी लागली ती लागलीच.

आता मदनसिंगचं सांगायला हवं. जिल्ह्यातल्या एका लहानशा रेडिओ केंद्रावर मदनसिंगची संध्याकाळची बैठक असायची. मोठमोठ्यांना समोर बसवून हा त्यांना वऱ्हाडीत असे चिमटे काढायचा की ऐकणाऱ्यांचं जेवण लांबायचं. तर काही वर्षांमागं एका दिवाळीला त्याच्या डोक्यात आलं की पहाटेचाही कार्यक्रम करू. नाव ठेवलं 'उठला का भाऊ?' त्यात पुढारी नाहीत, गाणी नाहीत. अंधारात उठून कामाला लागलेल्या माणसांनी फोन लावायचा आणि मदनसिंगनं सगळ्यांना एकच विचारायचं, "आज कोनासाठी उठला?"

साधा प्रश्न, पण त्यानं माणसं वेडी झाली. त्या वेळेला कोण विचारतं हो आपल्याला? गाय धार काढू देते, बोलत नाही. रात्रपाळीचा राखणदार घरी जातो तेव्हा घर झोपलेलं असतं. भाजी तोडणाऱ्याला बोटं गारठून गेली तरी ते सांगायला माणूस नसतो. मदनसिंग विचारायचा, आणि बाप्ये लोक पोरीचं नाव सांगता सांगता रडायचे. होळी यायच्या आत कार्यक्रम बंद झाला. जाहिराती मिळेनात. बरोबरच आहे, ज्याच्या खिशात पैसा तो त्या वेळेला घोरत असतो, आणि जो जागा असतो त्याला काय विकणार?

भगवंतरावांना त्या कार्यक्रमाचं असं वेड लागलं की गोजराबाईंना नवल वाटलं. वांग्याच्या सरीत रेडिओ ठेवायचा आणि खुडता खुडता मान हलवायची. मग एक दिवस ते फोन लावायला लागले. लागेचना. रोज लावायचे, रोज चिडून फोन कमरेला खोचायचे. आणि एका पहाटे लागला.

आता फोन लागला की मदनसिंगचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "रेडिओ बंद करा, मग बोला." कारण जवळ रेडिओ सुरू असला की फोनमधून शिट्टी वाजायची आणि कुणाचंच काही कळायचं नाही. लोक काय करायचे, तर घरची माणसं शेजारच्या घरी पळायची आणि तिथल्या रेडिओवर ऐकायची. मळ्यात कुठला शेजार? भगवंतरावांनी हातवारे केले, "अवं, बंद कर." गोजराबाईंनी बटण फिरवलं. पण रेडिओ जुना, बटण सैल. मधेच आपोआप बोलू लागायचा. आपल्यापायी यांचं बोलणं बिघडायला नको म्हणून त्या रेडिओ घेऊन विहिरीपर्यंत धावल्या, पाठीमागचं झाकण उघडलं, सेल काढले आणि पदरात बांधले. मग कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला. विहिरीपाशी, एवढ्या लांब, बारीक आवाजात रेडिओ लावला असता तर शिट्टीही वाजली नसती आणि शब्द न् शब्द ऐकू आला असता. हे त्यांना दुपारी सुचलं. बैल गेला अन् झोपा केला, त्यातली गत.

अंधारात दूर भगवंतराव फोन कानाला लावून उभे होते, तेवढं दिसत होतं. बराच वेळ उभे होते. मग सरीतून चालत विहिरीपाशी आले आणि गोजराबाईंसमोर नुसतेच थांबले. चेहरा असा, की काहीतरी मागायचंय आणि मागता येत नाही.

गोजराबाई म्हणाल्या, "मेथीच्या जुड्या बांधाच्या राह्यल्या."

त्यांनी क्षणभर पाहिलं. "चला," म्हणाले आणि मेथीकडे वळले.

त्या दिवशी गावात जी भेटली ती बाई हसायची. "गोजरामाय, म्हातारा लय बोलला वो तुमचा." भाजी वाशीमला नेणारा टेम्पोवाला ऋषिकेश गाडीतूनच ओरडला, "काकू, आज काकानं नाक ठेवलं आपल्या गावाचं." गोजराबाईंना विचारता आलं असतं, काय बोलले? पण ज्या बाईचा नवरा साऱ्या जिल्ह्यासमोर बोलला आणि तिनंच ऐकलं नाही, तिनं हे कोणत्या तोंडानं सांगावं? त्या पदर सावरून म्हणाल्या, "आयकलं न." एकदा म्हटल्यावर पुढं सगळ्यांना तेच म्हणत राहिल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि घरचा माणूस तर घरातच होता. त्याला काय, कधीही विचारू. विचारू विचारू म्हणता उन्हाळा गेला, पावसाळा गेला, असे किती गेले, आणि एका सकाळी भगवंतराव बाजेवरून उठायला गेले ते कोसळले.

आजारपणाचा पहिला गदारोळ ओसरला तसा गोजराबाईंना तो प्रश्न छळायला लागला. माणूस समोर आहे, उत्तर त्याच्या पोटात आहे आणि दार बंद. त्यांनी लाज सोडून ऋषिकेशला विचारलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "तुमच्या हाताले यश आहे असं म्हनले वाट्टे. नाई तर ते दुसऱ्याचं असन, काकू. रोजच कोनी ना कोनी बोले." ज्या बाया तेव्हा हसल्या होत्या त्यांतल्या एकीला आठवेना, दुसरी तर वारलीच होती. लोकांना आपापला फोन आठवतो, दुसऱ्याचा नाही.

अशात या हिवाळ्यात सून उज्ज्वला मोबाइल घेऊन आली. 'उठला का भाऊ?' ऐकणाऱ्यांनी वाशीमला मेळावा ठेवला होता. मदनसिंग रेडिओ सोडून लेकाकडे नागपूरला चालला होता, तर त्याचा सत्कार, आणि ज्याला जे आठवतं ते त्यानं सांगायचं. उज्ज्वलानं ठेवणीतलं लुगडं काढून दिलं. गोजराबाईंनी ते परत पेटीत टाकलं. "लग्नाले जाऊन राह्यली काय मी? तू याह्यच्याजवळ बस फक्त."

सभागृह भरलं होतं. एक राखणदार उठला आणि म्हणाला, तो कार्यक्रम बंद झाला तेव्हापासून मी घरी जाताना तोंडातल्या तोंडात स्वतःलाच विचारतो, कोनासाठी उठला. एक मास्तर बोलले. एक बाई माइक धरून नुसतीच रडली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोजराबाईंच्या मनात येत होतं, यांच्याजवळ आठवायला काहीतरी आहे तरी.

त्यांची पाळी आली. नाव-गाव सांगितलं, मालकांचं नाव उज्ज्वलानं लिहून दिलेल्या चिठ्ठीवरून निवेदकानं वाचलं. गोजराबाई मदनसिंगकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, ते तुमच्याशी काय बोलले होते, तेवढं सांगा. बाकी मले काई नाई पायजे."

मदनसिंग थकला होता, पण आवाज तोच. त्यानं डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाला, "कसं विसरीन, माय? भगवंतराव म्हणाले होते, माझी गोजरा म्हणजे माझ्या घरची लक्ष्मी. तिच्यासाठी उठतो."

टाळ्या पडल्या. गोजराबाई जागच्या हलल्या नाहीत. "लबाड नका बोलू, भाऊ. ते माहं नाव घेत नाईत."

लोकांना ती गंमत वाटली, सगळे हसले. मदनसिंग हसला नाही. माइक खाली ठेवून तो त्यांच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मले आठवत नाई, माय. रोज किती फोन येत. तुमी इतक्या दुरून आल्या, खाली हात कसं पाठवू म्हनून बोललो. माफ करा." टेप करून ठेवलेला आवाज कुठं आहे काय, हेही गोजराबाईंनी विचारलं. नव्हता. संध्याकाळच्या बैठकी सगळ्या जपून ठेवल्या होत्या, त्यात मोठी माणसं होती. पहाटेचं कुणी ठेवलं नाही.

बाहेर चहा देत होते. गोजराबाई पायरीवर बसल्या तेव्हा एक बाई शेजारी येऊन टेकली. मंगरूळपीरकडची सोजराबाई, दुधाचा धंदा. ती म्हणाली, "बाई, तो मदनसिंग काई खोटं नाई बोलला. तुमच्या मालकानं नाव घेतलं होतं."

गोजराबाईंनी कप खाली ठेवला.

"मले कायले ध्यानात राह्यलं, तर माहं नाव सोजरा अन् ते म्हनले गोजरा. मले वाटलं माह्यंच नाव घेऊन राह्यले. मदनसिंगनं इचारलं, कोनासाठी उठला? तुमचे मालक लय वेळ चुप. मदनसिंग म्हने, भाऊ, हाये न तुमी? तं म्हनले, 'गोजरासाठी.' अन् मंग म्हनले, ते विहिरीपाशी उभी राहून आयकून राह्यली, म्हनून आता सांगतो. आमच्या घरचा बाप्या जल्मात असा बोलला नसता, म्हनून मी गायीले सोडून रेडिओकडं पायत बसली."

"मंग काय सांगतलं?"

"थ्याच वक्ताले गायीनं लात मारली. बाल्टी गेली. मी तिच्यामागं धावली." सोजराबाई म्हणाली, "पन तुमी त आयकलं असन न?"

"नाई," गोजराबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे त्या पहिल्यांदा बोलल्या.

परतीच्या बसमध्ये त्यांना नाव घेतल्याचा आनंद व्हायला हवा होता. एवढ्याचसाठी तर जन्मभर कान लावले होते. पण रिसोडच्या रस्त्याला गाडी लागली आणि त्यांना विहिरीपाशी येऊन थांबलेला तो चेहरा आठवला. म्हणजे यांना वाटलं होतं की मी ऐकलं. जे मांडवात जमलं नाही ते हा माणूस साऱ्या मुलखापुढं बोलून आला होता, आणि मी काय म्हणते हे ऐकायला समोर उभा राहिला होता. आणि मी काय म्हटलं, तर मेथीच्या जुड्या. ती मेथी भगवंतरावांनी दुपारपर्यंत खाली मान घालून बांधली होती. गोजराबाईंनी तोंडात पदर कोंबला. बसमध्ये लोक होते.

घरी आल्या तेव्हा उन्हं उतरली होती. उज्ज्वलाला त्यांनी मळ्यात पाठवलं आणि बाजेच्या कडेला बसल्या.

"अवो, आयका. त्या दिवशी मी रेडिओ आयकलाच नाई. तुमी म्हनले बंद कर, त मी सेलच काढून घेतले. मले काईच आयकू आलं नाई. म्हनून तसं बोलली मी."

भगवंतराव त्यांच्याकडे बघत राहिले. समज सगळी शाबूत होती, तीच तर वाईट गोष्ट. डाव्या हातानं त्यांनी बाजेची दोरी धरली. ओठ जुळले, सुटले, परत जुळले.

"चला."

"गोजरासाठी उठतो म्हनले तुमी," गोजराबाईंनी आपलं नाव आपल्याच तोंडानं त्यांच्यापुढं ठेवलं. "मंग पुढं काय म्हनले? तेवढं सांगा मले."

"चला," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, आणि थांबले नाहीत. चला, चला चला, चला. हळू सुरुवात केली, मधे आवाज चढला, एका ठिकाणी श्वास घेतला, एका ठिकाणी तर लाजून किंचित हसलेसुद्धा. त्या पहाटेचं सगळं बोलणं ते पहिल्यापासून सांगत होते. एक वाक्यही गाळत नव्हते. गोजराबाई पुढं झुकून, कानात प्राण आणून ऐकत होत्या आणि त्यांना त्यातलं काहीही कळत नव्हतं.

शेवटचं चला अगदी बारीक आवाजात आलं. मग ते थांबले आणि विहिरीपाशी पाहिलं होतं तसंच त्यांच्याकडे पाहत राहिले.

दुपारी भरल्या सभेत एका भल्या माणसाला त्यांनी लबाड म्हटलं होतं. गोजराबाईंनी त्यांचा हात दोरीवरून सोडवला आणि आपल्या हातात घेतला.

"आयकलं," त्या म्हणाल्या. "आता सारं आयकलं."

भगवंतरावांनी डोळे मिटले. ओट्यावर उद्याच्या बाजाराची मेथी तोडून पडली होती. तिच्या जुड्या त्या संध्याकाळी कुणी बांधल्या नाहीत.