काशीने थांबवलेली सुई

तळवलीची काशी सुईण होती आणि गावातल्या प्रत्येक बाळाचं दुखणंखुपणं तिला तोंडपाठ होतं. १९९६ साली रंजनाच्या धाकट्या मुलाला नर्सबाई क्षयाची लस टोचणार, तेवढ्यात काशी आडवी आली.

"थांब बाय! ह्याचे मोठ्या भावाला हीच सुई दिली न काखेन गाठी आल्या. त्याचे अंगान रोगाशी लढाची ताकदच कमी हाय, डॉक्टर बोललं व्हतं. ह्याचे अंगानबी तसाच आसंल त?"

तो मोठा भाऊ वर्षभर औषधं घेऊन आता अंगणात हुंदडत होता. नर्सबाईंनी लस बाजूला ठेवली आणि बाळाला आधी रक्ततपासणीला पाठवलं. रंजनाच्या जिवाला घोर लागला, पण रिपोर्ट अगदी चांगला आला.

मग लस टोचताच बाळाने भोकाड पसरलं, तशी काशी खळखळून हसली, "रड रं बाला, आख्खे गावाला आयकू दे!"