कंट्रोल म्हणालं, बघतो

नाशिक रोडला वाढलेल्या माणसाला देवळालीची पोस्टिंग मिळाली, की पलटणीत टोमणे खावे लागतात. मीही खाल्ले. "हवालदारसाहेब घरून डबा आणतात," असं पोरं म्हणायची. कसला डबा आणि कसलं काय! लाईनमधून, म्हणजे बराकीतून, घर सायकलच्या टप्प्यात होतं, पण घरी जायला सुट्टी लागते. तरी आई खूश होती. मी बर्फात होतो तेव्हा ती टीव्हीवरच्या बातम्या बंद करून बसायची. आता निदान माझ्याकडचं हवामान तिला स्वतःच्या खिडकीतून कळत होतं.

नाईक दत्तू सोनवणे माझ्या सेक्शनचा रेडिओ ऑपरेटर. नांदगाव तालुक्यातला. घरी बायको मंगल, थोडी कोरडवाहू जमीन आणि एक बैलजोडी. बैलांचे फोटो त्याच्या मोबाईलमध्ये बायकोपेक्षा जास्त होते, आणि हे मंगलताईच सांगायच्या. पोहण्याच्या टेस्टला तो दोनदा नापास झाला. "उस्ताद, आमच्याकडं पाणी टँकरनं येतं," तो मला म्हणाला. "पोहायला शिकू कुठं, टँकरमधी?" तिसऱ्या वेळी कसाबसा पास झाला आणि त्या संध्याकाळी सगळ्या सेक्शनला चहा पाजला.

सेटवर मात्र तो कडक. रेडिओवर एका शब्दाचा एकच अर्थ असतो. 'रॉजर' म्हणजे ऐकलं. 'विल्को' म्हणजे ऐकलं, आणि करतो. नवीन पोरं दोन्ही एकच समजतात, ती दत्तूच्या शिव्या खायची. हे खूळ त्याने घरापर्यंत नेलं होतं. मंगलताई फोनवर म्हणायच्या, येताना पिठाची चाळण आणा. हा म्हणायचा, रॉजर. त्या म्हणायच्या, रॉजर नको, विल्को म्हणा. आम्ही बाजूला बसून हसायचो.

हे सगळं परत आठवायला कारण घडलं. गेल्या महिन्यात मला जिल्ह्याच्या एका बैठकीला बोलावलं होतं. मी आता रिटायर्ड नायब सुभेदार, कॉलनीतल्या पोरांना फर्स्ट एड शिकवतो, म्हणून बोलावलं असावं. विषय होता 'अनिश्चित काळातील रेझिलियन्स'. बोलणारा अधिकारी तरुण होता आणि बोलला चांगलं. पूर येईल की दुष्काळ की साथ, हे आधी सांगता येत नाही. म्हणून मार खाऊनही न कोसळणारी आणि लवकर उभी राहणारी व्यवस्था हवी, असं त्याचं म्हणणं. मला पटलं. मग शेवटचा फोटो आला. कमरेएवढ्या पाण्यातून डोक्यावर गाठोडं घेऊन चाललेली एक बाई हसत होती. अधिकारी म्हणाला, "आपले लोक मुळातच रेझिलियंट आहेत." सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

माझं डोकं फिरलं. अरे, बाई हसतेय कारण समोर कॅमेरा आहे. लोक सोसतात, कारण सोसल्यावाचून इलाज नसतो. त्यांच्या सोसण्याला तुम्ही धोरण म्हणणार? मी हात वर केला, उभा राहिलो, आणि दत्तूची गोष्ट सांगितली. ती इथे लिहितो.

त्या वर्षी श्रावणात पश्चिमेच्या डोंगराळ भागात पाऊस थांबेना. सिव्हिल प्रशासनाने आर्मी मागितली. आमचा छोटा कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, पहाटे निघाला. कमांडर एक मेजरसाहेब, पंजाबचे. मराठी त्यांना समजत नव्हतं. सोबत दोन दोर, लाईफ जॅकेट, एक बोट आणि सेट. निघण्याआधी दत्तू गाडीमागे उभा राहून घरी फोन करत होता. मी ओरडलो, तसा हसत हसत येऊन चढला.

पाडा नदीपलीकडे होता. धरणाच्या खालच्या अंगाला. धरणाचं आणि पाड्याचं नाव घेत नाही. मधे फरशी, म्हणजे नदीच्या तळालगत बांधलेला कठडे नसलेला बुटका पूल. एरवी त्यावरून भाताच्या बैलगाड्या जातात. आम्ही पोचलो तेव्हा फरशीवर गुडघाभर पाणी होतं आणि ओढ भरपूर होती. बोट चालणं शक्य नव्हतं. पलीकडची घरं निम्मी पाण्यात, दरड कोसळायच्या बेतात. डोंगरातून मागे जायला वाट नव्हती. माणसं बाहेर काढायची तर फरशीवरूनच.

मेजरसाहेबांनी दोन्ही दोर फरशीच्या दोन बाजूंना बांधायला लावले. मध्ये जवान उभे केले. लोकांनी दोराला धरून, जवानांच्या हातातून पुढे सरकत यायचं. काम चालू झालं. डोंगरातली माणसं घाबरत नाहीत, पण घाईही करत नाहीत. एक म्हातारी दारातून हलेना.

"आमी नाय येत. कोंबड्या कोन बघंल?"

"मी बघतो, आजी," दत्तू म्हणाला. सेट पाठीवर असताना त्याने खुराड्याचं दार उघडलं आणि कोंबड्या माळ्यावर हाकलल्या. तेव्हा कुठे म्हातारी निघाली.

दुपारी तालुक्याच्या कंट्रोल रूममधून निरोप आला. धरण भरत आलंय, दारं उचलावी लागणार. मेजरसाहेब म्हणाले, "त्यांना सांग, माझी माणसं नदीत आहेत. ऑल क्लिअर देईपर्यंत दारं उचलू नका." आमचा सेट थेट धरणाशी बोलत नव्हता. आम्ही कंट्रोलला सांगायचं, कंट्रोलने धरणावर फोन करायचा.

दत्तूने मेसेज दिला. उत्तर आलं.

"ठीक आहे. वर विचारून बघतो. ओव्हर."

"कंट्रोल, हो का नाही ते सांगा. दारं थांबणार का? ओव्हर."

"बघतो म्हटलं ना. आऊट."

मेजरसाहेबांनी विचारलं, "क्या बोला?"

"सर, बोला, देखता हूँ."

"मतलब देख लेगा. गुड." ते पुन्हा दोराकडे वळले. त्यांची चूक म्हणत नाही. कुणी 'मी बघतो' म्हटलं, तर सैन्यात ती जबाबदारी त्याची झाली.

पण दत्तूने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. आम्ही दोघं ह्याच जिल्ह्यात वाढलो होतो. रेशनकार्डावर नाव चढवायला गेलं, की बघतो. विजेचा खांब वाकलाय, बघतो. ज्याला नाही म्हणायची हिंमत नसते आणि हो म्हणायचा अधिकार नसतो, त्याचा हा शब्द.

"उस्ताद," दत्तू म्हणाला, "माझा मामा कारकून हाय. हे 'बघतो' मी लहानपणापास्नं ओळखतो."

"मग?"

"मग काय. नाय समजून चालायचं."

मी साहेबांना गाठून हिंदीत समजावलं. त्यांनी दोन सेकंद विचार केला. काम थांबवावं, तर पलीकडे अजून माणसं होती आणि वर दरड सुटत होती. चालू ठेवावं, तर पाण्याची खबर कुणी द्यायची? दत्तूनेच सांगितलं. "सर, वर वळणावर जातो. तिथून लांबचं दिसतं. पाण्याचा रंग बदलला की शिट्टी मारतो." साहेबांनी परवानगी दिली. सेट त्याने दुसऱ्या ऑपरेटरकडे दिला. कमरेला बांधायला दोर मागितला. दोर दोनच होते, दोन्ही फरशीवर माणसांच्या हातात. "ऱ्हाऊ द्या," म्हणाला. "मी जाऊन बघतो."

तोच शब्द. पण हा खरोखर बघायला निघाला होता.

काम वेगाने चालू ठेवलं. लेकरं झाली, बायका झाल्या. शेवटी एका आजारी माणसाला डोलीत घातलं, म्हणजे बांबूला बांधलेल्या झोळीत. चार जण ती घेऊन फरशीच्या मध्यावर आले, मागे पाड्यातले काही बाप्ये, आणि वरून शिट्टी ऐकू आली. लांब, न थांबता.

नदी तशीच दिसत होती. एक जण म्हणालाही, पाणी वाढलं नाही की! मी बोंबललो, "पळा! डोली सोडू नका, पळा!" जवानांनी माणसं अक्षरशः खेचली. शिट्टी चालूच होती. मी फरशीच्या अलीकडच्या टोकाला उभा राहून माणसं काठावर ढकलत होतो आणि मनात म्हणत होतो, दत्तू, बस झालं, आता मागे सर. तो सरला नाही. त्याला वळणावरून फरशी दिसत होती. फरशीवर माणूस असेपर्यंत तो वाजवणार होता.

शेवटचा जवान काठावर आला. त्यानंतर शिट्टी बंद झाली. मला वाटलं, त्याने पाहिलं आणि थांबवली. मग पाणी आलं, लाल, ओंडक्यांसकट. फरशी दिसेनाशी झाली, आमचे दोर तुटून गेले. आम्ही वळणाकडे धावलो. जिथे तो उभा होता तो काठच तिथे नव्हता. खालून माती सुटून सगळा कडा नदीत गेला होता. मी नाव घेऊन हाका मारल्या. सैनिकाने असं ओरडू नये म्हणतात. मी ओरडलो, आणि घसा बसेपर्यंत ओरडलो.

दुसऱ्या दिवशी दत्तू खूप खाली, बाभळीच्या झुडपात सापडला. शिट्टी गळ्यातच होती. पाड्यातला एकही माणूस गेला नाही.

मग वरातीमागून घोडं, तशी चौकशी झाली. कंट्रोलवरच्या माणसाने वर विचारायचा प्रयत्न केला होता. फोन लागला नाही. तो लावत राहिला. धरणावरच्यांनी दारं उचलली, कारण न उचलल्यास धरणालाच धोका होता. तेही खरं. दारं उचलली ह्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. आम्हाला 'नाही' एवढा एक शब्द कळवायला हवा होता, तो कुणी कळवला नाही. कागदावर सगळ्यांनी आपापलं काम केलं होतं. पेपरात गावकऱ्यांच्या जिद्दीला सलाम छापून आला. म्हातारीच्या कोंबड्या माळ्यावर जिवंत सापडल्या, त्यांचाही फोटो आला. दत्तूचा फोटो आत, छोटा.

बैठकीत मी हे सांगून संपवलं. मी म्हणालो, साहेब, मला भाषण करायचं नाही. तुमच्या योजनेत एक नियम घाला. माणसं नदीत असताना ठरलेल्या वेळात स्पष्ट 'हो' आलं नाही, तर उत्तर 'नाही' आहे असंच समजायचं आणि पाणी निघालं असं धरून चालायचं. प्रत्येक फरशीच्या वर बघायला माणूस ठेवायचा, पक्क्या जागेवर, कमरेला दोर बांधून. त्यासाठी एक दोर जास्तीचा न्यायचा. तुमचा रेझिलियन्स मला एवढाच कळतो. फोन लागणार नाही, निरोप पोचणार नाही, माणूस घाबरून 'बघतो' म्हणेल, हे आधीच धरायचं, आणि तरी कुणी मरू नये अशी सोय करायची. जास्तीचा दोर वर्षभर नुसता पडून राहील, ऑडिटवाला विचारेल हा कशाला. राहू दे पडून.

अधिकारी हळवा झाला होता. उठून माझ्याजवळ आला, हात हातात घेतला.

"फार महत्त्वाचं बोललात, सुभेदारसाहेब. नक्की बघतो."

त्याच्या लक्षातही आलं नाही. मी हात सोडवून घेतला. विचारलं, "साहेब, हो की नाही?" तो गोंधळला, हसला, म्हणाला, वरून मंजुरी लागते. चहा आला. लोक उठले.

दर वर्षी पोळ्याला मी नांदगावला जातो. ह्या वर्षीही गेलो. मंगलताईंनी दत्तूची बैलजोडी विकलेली नाही. त्यातला एक म्हातारा झालाय, तरी शिंगं रंगवतात, पुरणपोळी भरवतात. आम्ही ओट्यावर बसलो. बैठकीचं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून त्यांनी विचारलं.

"दादा, काय म्हणाले साहेब?"

"बघतो म्हणाले."

त्या हसल्या नाहीत. पदराने बैलाच्या शिंगावरचा ओघळलेला रंग पुसला.

"मग नाय समजायचं," त्या म्हणाल्या. "आन परत जायचं."

"जाणार, ताई. सोमवारीच."

मग त्यांनी जे सांगितलं, ते इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. त्या पहाटे गाडीमागे उभं राहून दत्तू फोनवर काय बोलत होता, ते.

"मी म्हटलं, पोळ्याला या. बैल तुमच्या हातून सजवायचे. ते म्हणाले, रॉजर. मी म्हटलं, रॉजर नको, विल्को म्हणा. नुसते हसले. तुम्ही तिकडनं हाक मारली, तसा फोन ठेवला." त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "विल्को नाय म्हणाले, दादा. जे जमंल का नाय ठाऊक नाय, त्याला हो म्हणायचेच नायत ते."