पटका टायरात हाय

देवानं माणसाला सायकल दिली ती बसायला नव्हे, तर रस्त्याकडेला उलटी करून ठेवायला, असं मनापासून मानणारा माणूस उभ्या बेळगाव जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीला नवरा म्हणून मिळाला. दाजींचा शहापुरात हातमाग होता. मागावर बसले की त्यांच्याइतका शांत माणूस नाही. धागा तुटला तर चुकचुकत, गाठ मारत आणि पुढं जात. सायकलीचं मात्र काही तुटलं, की चेहऱ्यावर असा आनंद पसरे, की जणू बहिणीला पुन्हा मुलगाच झाला!

त्यांच्या सायकलीच्या दांडीला एक कातडी पिशवी लोंबत असे. बेळगावच्या लष्करी कँपात कुणा गोऱ्या साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा शहाण्या लोकांनी टेबलं घेतली, आरसे घेतले. दाजींनी ही पिशवी घेतली. तिच्यात नाना मापांचे विलायती पाने, टायर उचलायच्या पट्ट्या, तारा ताणायची चावी, तेलाची कुपी आणि एक वाकडं लोखंड होतं. या लोखंडाचा उपयोग खुद्द साहेबालाही ठाऊक नसावा. दाजी म्हणत, "ऱ्हाऊ दे. येळंला कामाला येतंय." ती वेळ अजून आलेली नाही.

सहलीला त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे काय, ते मी भोगलं आहे. कणकुंबीचं रान बघायला म्हणून आम्ही कितीदा निघालो, पण मी पाहिलं ते रान कमी आणि दाजींची वाकलेली पाठ जास्त. वाटेतली गावं त्यांच्या ध्यानात राहत नसत, झाडं राहत. ही, चेन तुटली ती चिंच; ही, पेडल गळालं ती जांभळ. आणि सायकल दोन कोस नीट चालली, तर हे कासावीस. "लई गुमान चाललीया रं. काय तरी लपवतीया." मग उतरून, नसलेला आवाज ऐकून, चाक खोलायचं. एकदा एका शेतातल्या बाईकडं त्यांनी कानडीत पाणी मागितलं, "अव्वा, नीरु कोड्री." बिचारीनं तांब्या-गूळ आणला. दाजींनी गूळ खाल्ला, तांब्या परत केला आणि परात मागितली. ट्यूब बुडवायला! ती बाई पुढं कुणा वाटसरूला पाणी देत असेल असं मला वाटत नाही.

अशा माणसाबरोबर स्वतःच्या साखरपुड्याला सायकलवरून जाणारा मूर्ख कोण, असं तुम्ही विचाराल. तो मी. मुलगी निपाणीची. वडील तंबाखूचे व्यापारी आणि शकुनाला भारी कडक. आधीचं एक स्थळ त्यांनी पाहुणा उंबऱ्यात शिंकला म्हणून वाटेला लावलं होतं. मी मुलीला एकदाच पाहिलं होतं, तेव्हा ती खुदकन हसली होती आणि तेवढ्यानं माझी झोप उडाली होती. घरची माणसं आदल्या दिवशीच मोटारीनं गेली. मुलीला द्यायचं लुगडं दाजींच्या मागावर होतं, ते पहाटे उतरलं. मी म्हटलं, आता आपणही मोटारीनं जाऊ. दाजी म्हणाले, "मोटार बिघडली तर आपल्याला हात लावू देत न्हाईत. काय उपेग?"

संकेश्वर ओलांडेपर्यंत काही बिघडलं नाही. दाजी उदास झाले होते. दिवस मावळायच्या आत ओटी भरायची होती, म्हणून मी घाई करून माझ्या चाकात हवा भरली. चाक दगडासारखं लागावं म्हणून आणखी भरली. मग तो आवाज झाला. उसातून बगळे उडाले. टायरला बोट जाईल एवढी चीर पडली होती. दाजींचा चेहरा उजळला.

"भले रं पठ्ठ्या! पंप हाय का तोफ?"

ट्यूब त्यांनी सांधली. पण टायरच्या चिरेला आतून जाड कापड हवं. माझी नजर लुगड्याकडं गेली. दाजी असे भडकले, की मी दोन पावलं मागं सरलो. "विणकराच्या हातानं नवं लुगडं फाडू? माग बंद पडंल माझा!" माझं धोतर फाडावं, तर नवरा मुलगा कसा दिसेल? मग दाजींनी डोक्यावरचा पटका उतरवला. हा पटका त्यांच्या लग्नात माझ्या वडिलांनी बांधलेला. त्याची घडी करून त्यांनी टायरात सारली, वर टायर चढवला आणि म्हणाले, "चल, आता तवंदीचा घाट उतरला तरी भ्या न्हाई."

भीती घाटाची नव्हतीच. निपाणीला पोचलो तेव्हा ऊन कौलांवर गेलं होतं. दारात सासरे उभे. त्यांनी लुगडं पाहिलं नाही, मला पाहिलं नाही. दाजींचं बोडकं डोकं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"डोकं मोकळं? पाव्हणं, घरात कुणाचं काय बरंवाईट...?"

"न्हाय हो. समदी खुशाल हाईत."

"मग पटका?"

"पटका टायरात हाय."

कुणी हसलं नाही. मांडवात माणसं एकमेकांकडं बघू लागली. सासरे म्हणाले, "शुभ कार्यात बोडका माणूस आमच्यात चालत न्हाय. सुपारी फुटायची न्हाय." माझी आई तोंडाला पदर लावून उभी राहिली. माझं लग्न माझ्याच पंपानं मोडलं होतं.

दाजी अंगणात गेले, माझी सायकल उलटी केली आणि पिशवी उघडली. सगळी निपाणी बघत असताना त्यांनी चाक काढलं, पट्ट्या लावून टायर उचलला आणि आतून काळाठिक्कर पटका ओढून काढला. झाडला. भुकटी उडाली. मग तो तसाच डोक्याला बांधून सासऱ्यांसमोर उभे राहिले. "झालं? आता फोडा सुपारी."

माजघरातून आधी बांगड्या वाजल्या, मग एक हसू फुटलं. ते मी ओळखलं. लेकीचं हसू ऐकून सासऱ्यांच्या मिशा हलल्या. त्यांनी स्वतःचा पटका काढून दाजींच्या डोक्याला बांधला आणि आतून दुसरा मागवून स्वतः बांधला. दाजींनी जुना पटका पुन्हा टायरात घातला.

आता दाजींचे गुडघे गेले. माग थोरला मुलगा चालवतो आणि सायकल भिंतीला टेकून असते. ही लढाई पेटल्यापासून टायर मिळत नाहीत, तरी माझी सायकल मेली बिघडत नाही. म्हणून रविवारी शहापूरला जाताना मी वाटेत थांबून एक नट सैल करतो. दाजी ओट्यावरून हात पुढं करतात, पिशवीतला नेमका पाना काढतात.

परवा नट आवळता आवळता थांबले. "ह्यो नट तूच सैल केलाईस, व्हय न्हवं? पान्याचा ओरखडा हाय."

दाजींनी नट आवळला, पाना धोतराला पुसला, पिशवीत ठेवला.

"पुढच्या येळंला चेन तोडून आण," ते म्हणाले. "नटात काय दम न्हाय रं."