बद्द वाजलेली पाटी

डोंगरावरच्या या बंगल्याचं छप्पर काळ्या दगडाच्या पातळ पाट्यांचं आहे. मुलगा वर चढून पाट्या खिळ्यांनी ठोकतोय आणि मी खाली बसून एकेक पाटी बोटानं वाजवून त्याला देतोय. खणखणीत वाजली तर चांगली. बद्द वाजली तर आत चीर असते. ती डोळ्याला दिसत नाही, पण तिच्यावर पाय पडला की माणूस थेट खाली.

हे वाजवायचं काम माझ्या बायकोचं. बाजारात मडकं पारखायची, तशीच पाटी पारखायची. तिनं दिलेल्या पाटीवर मी जन्मभर बिनघोर पाय ठेवला.

"आबा, द्या की! लगीन लावताय काय पाटीशी?" मुलगा वरून ओरडला.

हातातली पाटी मी तीनदा वाजवली. नक्की कळेना.

गेल्या वर्षी ती खोकायची, तो आवाज असाच बद्द होता. मला ऐकू आला होता. मी म्हटलं, काढा पी, होईल बरं. दवाखान्यात नेली तेव्हा उशीर झाला होता.

मी पाटी बाजूला ठेवली.

"अहो आबा, चांगली होती की ती!"

"असंल चांगली," मी म्हटलं. "मला शंका आली."