पेन्सिलीनं लिहिलेली नावं

माझे उपदेश कोरडे असतात, असं आमच्या ख्रिस्ती मंडळीत अजून म्हणतात. असू देत. पूर्वी ते रंगायचे, आणि कशामुळे रंगायचे ते मला ठाऊक आहे. तेच इथं लिहितो. कुणाला वाईट वाटलं तरी मी यातलं काही मागे घेणार नाही.

कुवेतमध्ये आमची मराठी उपासना शुक्रवारी सकाळी फरवानियातल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये भरायची. आम्हाला पाळक, म्हणजे धर्मगुरू, नव्हते. मी सरकारी रुग्णालयात एक्स-रे काढायचो आणि शुक्रवारी उपदेश करायचो, कारण माझ्याकडे वडिलांची दाखल्यांची, म्हणजे बोधकथांची, वही होती. वडील नगरकडच्या खेड्यांतून सुवार्ता सांगत फिरले होते. वहीत गोष्टी शाईनं लिहिलेल्या होत्या आणि गोष्टींतल्या थोर माणसांची नावं पेन्सिलीनं. कारण साधं होतं. जी गोष्ट एका गावात बादशहाची, तीच दुसऱ्या गावात गव्हर्नरची आणि निवडणुकीच्या वर्षी पंतप्रधानांची. "नाव ओळखीचं असलं की लोक माना वर करतात," असं वडील म्हणायचे. पानांवर खोडरबरानं खड्डे पडले होते. मला त्यात कधी काही गैर वाटलं नाही.

सगळ्यात चालणारी गोष्ट फरशीची. एक मोठा सत्ताधीश साध्या कपड्यांत रुग्णालयात जातो. तिथं लष्कराचा एक शिपाई चिखलाचे बूट घालून ओल्या फरशीवरून चालतो आणि वर पुसणाऱ्या बाईवरच ओरडतो. सत्ताधीश तिच्या हातातलं फडकं घेतो, गुडघे टेकतो आणि फरशी पुसतो. तेवढ्यात शिपायाला तो कोण ते कळतं. इथून मी शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूकडे वळायचो. बायका डोळे पुसायच्या.

१९९० च्या उन्हाळ्याच्या तोंडावर मी जुनं नाव खोडलं आणि उत्तरेकडच्या शेजारी देशाच्या अध्यक्षाचं लिहिलं. त्याचा फोटो रोज पेपरात असायचा. त्या शुक्रवारी गोष्ट फार रंगली. इतकी, की मी भरात म्हणालो, "माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय." असा डॉक्टर नव्हता. तो वहीतही नव्हता. तो माझा.

ऑगस्टमध्ये त्याच अध्यक्षाचं सैन्य आमच्या रस्त्यांवर उभं राहिलं.

सप्टेंबरात भारतीयांच्या बसेस बगदादमार्गे अम्मानला निघू लागल्या. मी यादीत दोन नावं घातली होती, एक माझं आणि एक मंडळीतल्या सिस्टरचं. ती जालन्याकडची, चाळिशीची, एकटी. आमच्याच रुग्णालयात बायकांच्या वॉर्डात नर्स होती. तिला घ्यायला गेलो तेव्हा ती जिन्यात उभी राहून युनिफॉर्म वाळत घालत होती. पिशवी भरलेली नव्हती.

"भाऊ, मी येत नाही," ती म्हणाली. "वॉर्डात आम्ही तिघीच उरलोय."

"ताई, सैन्य आहे बाहेर."

"आहे ना. पण त्यांचा साहेब तसा नाही, तुम्हीच सांगितलंत. रुग्णालयाची फरशी पुसणारा माणूस दवाखान्याला हात लावू देईल का?"

मला दोन वाक्यं बोलायची होती. ती गोष्ट खरी नाही. तो डॉक्टर मी बनवला. दोनच वाक्यं. खाली बसचा हॉर्न वाजत होता आणि जिन्यात मंडळीतली आणखी दोन माणसं सामान घेऊन उभी होती. त्यांच्यासमोर मी खोटा ठरणार होतो. मी म्हणालो, "प्रभू तुमच्याबरोबर असो," आणि खाली उतरलो. तिची जागा रिकामीच गेली. पुढच्या सगळ्या प्रवासात मी त्या सीटवर माझी बॅग ठेवली होती.

पुढल्या उन्हाळ्यात, कुवेत सुटल्यावर, रुग्णालयानं परत बोलावलं तेव्हा तेलाच्या विहिरी अजून जळत होत्या. गच्चीवर वाळत घातलेला शर्ट संध्याकाळी काजळीनं माखलेला मिळायचा. कामावर चौथ्या दिवशी सिस्टर माझ्याच खोलीत आली, हातात डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. डावं मनगट. मी प्लेट मांडली, तिचा हात उपडा ठेवला. तो सपाट टेकत नव्हता. हाड वाकडं जुळलं होतं. प्लेट काढायच्या आधीच मला दिसत होतं.

"केव्हाचं?"

"तुम्ही गेल्यानंतरचं." ती हसली. "तुमचीच गोष्ट सांगत होते मी."

मग तिनं सांगितलं. आधी एक कोवळा सैनिक वॉर्डात शिरला होता, बूट मातीनं भरलेले. तिनं मोडक्यातोडक्या अरबीत त्याला त्याच्याच अध्यक्षाची फरशीची गोष्ट सांगितली. त्यानं खाली पाहिलं, माफी मागितली आणि तो बाहेर गेला. पंधरा दिवसांनी आणखी दोघं आले, वयानं मोठे. त्यांना औषधांचा फ्रिज न्यायचा होता. तिनं त्यांनाही तीच गोष्ट सांगितली. एकजण हसायला लागला. त्यानं दुसऱ्याला नीट समजावून सांगितली, मग दोघंही हसले. तिचा हात फ्रिजच्या दांडीला होता, तो त्यांनी पिरगळून सोडवला.

"ताई, तुम्ही थांबलात ते माझ्या गोष्टीमुळे?"

"अर्धं वॉर्डासाठी, अर्धं गोष्टीसाठी. दोन्ही मिळून थांबले."

मी तेव्हा तिला ती दोन वाक्यं सांगितली. एक वर्ष उशिरा, तिचा हात माझ्या टेबलावर असताना. तिनं टेबलावरच्या प्लेटकडे पाहिलं. मग म्हणाली, "प्लेट काढा, भाऊ. हात दुखतोय."

जाताना दारात थांबून तिनं एवढंच सांगितलं की शुक्रवारी कुवेतच्या सुटकेबद्दल उपकारस्तुतीची उपासना आहे आणि सेक्रेटरीसाहेबांनी तिला साक्ष द्यायला सांगितलीय, पण पहिल्या सैनिकापर्यंतच. "फ्रिजचं नंतर कधीतरी सांगा म्हणाले. लोक खचतात."

सेक्रेटरीसाहेब म्हणजे आमच्या मंडळीचा सगळा कारभार पाहणारे गृहस्थ, एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर. मी त्यांना गाठलं तर ते खुशीत होते. "बरं झालं आलात. उपदेश तुम्हीच करा. ती फरशीची गोष्ट घ्या, पण आता कुवेत सोडवायला आलेल्या देशांपैकी एखाद्याच्या अध्यक्षाचं नाव घाला."

"कुठल्या?"

"कुठलाही घ्या हो. आलेत ते पुष्कळ."

मी शुक्रवारी वही घेऊन उभा राहिलो. सिस्टर तिसऱ्या रांगेत बसली होती, साक्ष पहिल्या सैनिकापर्यंत देऊन झाली होती, आणि लोक आनंदानं डोलत होते. मी गोष्ट सांगितली नाही. पान उघडून दाखवलं, खोडलेली नावं एकेक करून वाचली, डॉक्टर मी बनवला होता तेही सांगितलं. कुठल्या बाईनं माझ्यावर विश्वास ठेवला हे सांगितलं आणि जिन्यात मी गप्प का राहिलो तेही.

सेक्रेटरीसाहेब उठले. "बसा आता, भाऊ. मन हलकं झालं ना? पण प्रभूनं तीच गोष्ट वापरली की नाही? तो सैनिक माघारी गेला की नाही? फळ बघा."

"फळ ताईंच्या मनगटाला आलंय," मी म्हणालो. "प्लेट माझ्याकडे आहे, बघायची असेल तर."

"लोकांना आधार लागतो, भाऊ. आज तरी."

"आधार म्हणून मी त्यांना ज्याच्या भरवशावर सोडलं, त्याचेच लोक फ्रिज घेऊन गेले. आता दुसऱ्याचं नाव लिहिणार नाही. जो जिंकला तो चांगला, असं प्रभूच्या नावानं मी म्हणणार नाही. कुणी कितीही फरशा पुसल्या असतील, तरी मी पाहिलेल्या नाहीत."

कुणीतरी मागून म्हणालं, "मग उपदेश तरी कसा करणार?" थोडा हशा झाला. मी वही मिटली आणि खाली बसलो.

गीत झालं, चहा झाला. माझ्याजवळ कुणी फिरकलं नाही. पुढं सात महिने मला उपदेशाला उभं केलं नाही, आणि ते मी मागितलंही नाही. वडिलांची वही मी फाडली नाही. ती आहे, पण त्या नावांवर पुन्हा पेन्सिल फिरली नाही.

त्या दिवशी चपला घालताना सिस्टर शेजारी आली. वाकडा हात तिनं ओढणीखाली धरला होता.

"मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका एवढ्यात," ती म्हणाली. "बघते."

"बघा, ताई."

"पुन्हा कधी उभं केलं तर काय सांगणार?"

"तुमची परवानगी असेल तर फ्रिजचं सांगेन. पूर्ण."

तिनं विचार केला. "सांगा. पण माझं नाव नको. आणि मला फार धीट करू नका. फ्रिज गेल्यावर मी तिथंच बसून रडले होते. पेशंट मला पाणी देत होत्या. तेही सांगा."

सात महिन्यांनी उभं केलं तेव्हा मी तेच सांगितलं, रडण्यासकट. कुणी डोळे पुसले नाहीत. तिसऱ्या रांगेतून ती पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होती, कुठं काही जास्त जोडतोय का ते तपासत.