रेक्झिनच्या ठिगळाची आत्या

आमच्या आत्याच्या एका लुगड्याला मागच्या बाजूने हिरवं रेक्झिन शिवलेलं होतं. मोडीत निघालेल्या एसटीच्या सीटचं. ते लुगडं नेसून ती सकाळी पेणच्या बाजारातून निघाली की लोक समोरून हसून नमस्कार करायचे आणि ती पुढे गेली की वळून बघायचे. "बघू देत," ती म्हणायची. "डोंगर चढायचा पायाने, उतरायचा बसून. मग सीट नको?"

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली आणि गणपतीच्या कारखान्यात आखणीला बसली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचं काम. तिचा हात इतका चांगला होता की मालक तिच्याशी मोठ्या आवाजात बोलायचासुद्धा नाही. सोमवारी कारखाना बंद असे. त्या दिवशी आत्या एकटी डोंगरावर जायची. कधी जवळचा महालमिऱ्या, कधी सांकशीचा गड, एसटी वेळेवर मिळाली तर पार रोह्याचा अवचितगड. कशाला जाते म्हणून विचारलं की म्हणायची, "मी ज्याचे डोळे काढते तो लगेच माझ्याकडेच बघायला लागतो. आठवड्यातून एक दिवस कोणी बघत नाय अशा ठिकाणी नको जायला?"

पायात नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट. ते मोठे व्हायचे म्हणून पुढे चिंध्या कोंबलेल्या. पिशवीत तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि एक शिट्टी. हातात छत्री, ती उन्हापावसासाठी नव्हे तर माकडांसाठी. शेजारच्या मालूताईंनी एकदा बरोबर येऊ का विचारलं. आत्या म्हणाली, "नको गो. तू दमलीस तर मला थांबायला लागेल, आणि मी दमले तर तू गावभर सांगशील." मालूताई आठवडाभर बोलल्या नाहीत. आत्याच्या ते लक्षातही आलं नाही.

वडिलांना हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. एके दिवशी जेवताना त्यांनी शेवटचं सांगितलं, "आक्का, ज्या दिवशी तुला कोणी उचलून घरी आणेल, त्या दिवसापासून डोंगर बंद."

आत्याने घास खाली ठेवला. "कबूल. पण उचलूनच. हाताला धरून आणलं तर ते यात धरायचं नाय."

"बरं."

"आणि पाठुंगळीला?"

"पाठुंगळी म्हणजे उचलणंच!"

"मग ठीक," म्हणून तिने आणखी भात मागितला.

पुढच्याच महिन्यात ती सांकशीच्या कातळावर अडकली. वर जाऊन भाकरी खाऊन ती नेहमीप्रमाणे बसून घसरत निघाली होती. अर्ध्या उतारावर रेक्झिन एका वाळक्या बुंध्यात गुंतलं. पुढे सरकावं तर लुगडं मागे राहणार, आणि मागे सरकायला उतार देईना. खाली चांगलाच खड्डा. तिने छत्रीने बुंधा ढोसला, तर छत्रीच हातातून सुटून गडगडत खाली गेली. मग आत्याने शिट्टी काढली. पहिल्यांदा चार शेळ्या आल्या. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि निघून गेल्या.

गडाच्या पायथ्याला दर्गा आहे. कुवेतहून सुट्टीवर आलेले, पायथ्याच्या गावचे इब्राहिमभाई त्या दिवशी आईला घेऊन तिथे आले होते. शिट्टी ऐकून ते वर धावले.

"आत्या, अडकलाव काय?"

"अडकले नाय. बसलेय."

"मग शिट्टी कशाला मारताव?"

आत्याने शिट्टी पिशवीत टाकली. मग म्हणाली, "आधी पाठ फिरव. लुगड्याचा प्रश्न हाय."

इब्राहिमभाई झटकन दरीकडे तोंड करून उभे राहिले. म्हणाले, "मी खांद्यावर घेऊन उतरवतो."

"उचलायचं नाय!" आत्या इतक्या जोरात ओरडली की खाली दर्ग्यापाशी त्यांची आई उभी राहिली. मग वडिलांची अट तिने तिथेच, कातळावर बसून, पहिल्यापासून सांगितली. इब्राहिमभाईंनी खाली जाऊन आईची मोठी ओढणी आणली, डोळे मिटून वर फेकली. आत्याने ती कमरेला गुंडाळली, दात ओठ खाऊन हिसका दिला आणि ठिगळ बुंध्याला सोडून मोकळी झाली. लहानपणापासून त्या कातळाच्या खोबण्या इब्राहिमभाईंना पाठ होत्या. पाठ फिरवूनच ते सांगत गेले, "डावा पाय खाली. आणखी खाली. आता उजवा." मध्येच आत्या रडवेली होऊन म्हणाली, "भाऊ, मला नाय रे जमणार." ते म्हणाले, "मग उचलू?" ती उतरली.

संध्याकाळी ते दोघं घरी आले तेव्हा वडील ओट्यावरच होते. कमरेची ओढणी बघून त्यांचा चेहरा उतरला. "उचलून आणलंत का हिला?"

"नाय, नाय," इब्राहिमभाई म्हणाले. "मीच वर अडकलो होतो. आत्यांनी उतरवला मला."

वडिलांनी त्यांच्याकडे बघितलं. सहा फूट उंच, मनगटावर सोनेरी घड्याळ. मग आत्याकडे बघितलं. ती छपराकडे बघत होती. "चहा घ्या," वडील म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते कामावरून येताना रेक्झिनचा नवा तुकडा घेऊन आले. या वेळी तपकिरी. "लुगड्याला शोभेल," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

नंतर पुष्कळ वर्षं ती डोंगरावर जात राहिली. मग एका पावसाळ्यानंतर गुडघ्यांनी संप केला, डोंगर सुटले, आणि त्याच थंडीत न्यूमोनियाने ती चार दिवसांत गेली.

ती गेल्यावर दोनेक आठवड्यांनी, आठवडी बाजाराच्या दिवशी, ओट्यावर तीन अनोळखी माणसं आली. महालमिऱ्याचा एक म्हातारा ठाकर, सांकशीकडचा एक शेळ्या राखणारा आणि अवचितगडाखालच्या मेढा गावची एक बाई. म्हातारी बरेच दिवस आली नाही, म्हणून तिघंही आपापले चौकशीला आले होते. कळल्यावर तिघंही खाली बसले. थोड्या वेळाने ठाकर म्हणाला, "आमच्या डोंगराव लय जीव व्हता तिचा."

"तुमच्या?" मेढ्याची बाई म्हणाली. "सगल्यात जास्ती आमच्याकडं यायची. माज्या चुलीपाशी बसायची."

"चुलीपाशी काय, माझ्याकडं झोपायची दुपारची," शेळीवाला म्हणाला.

बघता बघता चांगलंच भांडण जुंपलं. आई चहा घेऊन आली तरी कोणी हात लावेना. वडील मध्ये पडले आणि बोलता बोलताच त्यांना रडू फुटलं. बहीण गेल्यापासून पहिल्यांदाच. तेव्हा कुठे तिघं गप्प झाले आणि त्यांनी कप उचलले.

निघताना मेढ्याच्या बाईने माझा हात धरला. "गो, तू भाची ना तिची? सोमवारी ये. एकटीच ये."

मी गेले.